जीडीपी वाढला, मग आपल्या खिशात का दिसत नाही? देशाचा हिशेब सोप्या भाषेत

‘अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढली’ अशी बातमी आली की चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास येतो, ‘वाढली म्हणे, पण कुणाची?’ प्रश्न चेष्टेचा वाटला तरी अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर सरकारी आकड्यांतच सापडतं.

जीडीपी म्हणजे काय?

देशात वर्षभरात तयार झालेल्या सगळ्या वस्तू आणि सेवांची एकूण किंमत म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी. 2011-12 हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेनुसार 2024-25 मध्ये तो चालू किमतींना सुमारे 331 लाख कोटी रुपये होता. महागाई वजा केली की तोच आकडा सुमारे 188 लाख कोटींवर येतो. साडेसहा टक्के वाढ मोजली जाते ती या दुसऱ्या आकड्यावर.

331 लाख कोटींना 140 कोटी लोकांनी भागलं, तर माणशी वर्षाला साधारण 2 लाख 36 हजार रुपये येतात, महिन्याला वीस हजारांच्या आसपास. ही नुसती सरासरी आहे. कारखानदार आणि त्याच्याकडचा हमाल यांची सरासरी काढली तर हमालही कागदावर श्रीमंत दिसतो.

खरी मेख रोजगारात

केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार 2023-24 मध्ये देशातल्या कामकरी लोकांपैकी सुमारे 46 टक्के शेती आणि शेतीपूरक कामांत होते. देशाच्या उत्पन्नात मात्र शेतीचा वाटा साधारण 18 टक्के. म्हणजे 100 लोकांनी मिळून 100 रुपये कमावले असं धरलं, तर शेतीतल्या 46 जणांत 18 रुपये वाटले जातात आणि बाकीच्या 54 जणांत 82 रुपये. शेतीतल्या माणसाच्या वाट्याला सुमारे 40 पैसे, बाहेरच्याला दीड रुपया. जवळपास चौपट फरक!

2018-19 मध्ये शेतीतलं हेच प्रमाण 42.5 टक्के होतं. कोरोनाच्या काळात शहरातली कामं गेली, माणसं गावाकडे परतली आणि हे प्रमाण वाढलं. घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या बायकांची नोंदही वाढली. देश पुढे जातो तसं शेतीवरचं ओझं कमी व्हायला हवं. इथं उलटं झालं.

आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको. खानापूर तालुक्यातला पोरगा कामासाठी गोव्याची वाट धरतो, कारण दोन एकरांत चार भावांचं भागत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीला ऑर्डर असली तर त्याला घराजवळ काम मिळतं. कारखानदारीत देशातले जेमतेम 11-12 टक्के कामगार आहेत. हा आकडा वाढल्याशिवाय जीडीपीची वाढ गावापर्यंत पोचणार नाही.

सरकारच्या हातात काय आहे?

घरात मिळकत ठरलेली असते आणि खर्चाला वाटा अनेक असतात. सरकारचंही तसंच. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयातले 24 पैसे कर्जाचे होते. खर्चाच्या रुपयातले 20 पैसे जुन्या कर्जाच्या व्याजात जाणार होते आणि 22 पैसे करांतला वाटा म्हणून राज्यांना. उरलेल्यातून संरक्षण, पेन्शन, अनुदानं, योजना.

त्यामुळे प्रत्येक निर्णयाला दुसरी बाजू असते.

- करसवलत: 2025-26 पासून नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे मुख्य टप्पे 5 आणि 18 टक्के असे दोनच राहिले. लोकांच्या हातात पैसा राहिला, दुकानदारी चालली, पण तिजोरीत तेवढं कमी आलं. शिवाय, प्राप्तिकराच्या कक्षेतच नसलेल्या शेतमजुराला प्राप्तिकराच्या सवलतीचा थेट उपयोग नाही.
- रस्ते, रेल्वे, बंदरं: याच अर्थसंकल्पात भांडवली खर्चाला 11.21 लाख कोटी ठेवले. काम उभं राहतं, पण फळ उशिरा येतं.
- थेट मदत: सुमारे 81 कोटी लोकांना मोफत धान्य मिळतं. चूल पेटते, हे खरं. पण त्यातून नोकरी तयार होत नाही.
- व्याजदर: हे काम रिझर्व्ह बँकेचं. फेब्रुवारी ते जून 2025 दरम्यान तिने रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. कर्ज स्वस्त झालं की ठेवीवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांचं व्याजही घटतं.

सीमेवर दिसणारा फरक

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे तपासणी नाके गेले. निपाणीहून कोल्हापूरला माल पाठवणाऱ्याचा वेळ वाचला. पेट्रोल, डिझेल मात्र जीएसटीबाहेरच राहिलं. म्हणून कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे पंपावरचा दर वेगळा. राज्यांना हक्काचं उत्पन्न सोडवत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

मग बातमी वाचताना काय पाहायचं?

फक्त वाढीचा टक्का पाहू नका. त्याच्यासोबत तीन गोष्टी तपासा. शेतीतल्या लोकांचं प्रमाण घटलं का? कारखान्यांतला रोजगार वाढला का? मजुरी महागाईपेक्षा जास्त वाढली का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर टपरीवरच्या प्रश्नाला ‘तुझी-माझी’ असं छातीठोक सांगता येईल. तोवर साडेसहा टक्के हा आकडा खरा असला तरी अर्धाच हिशेब आहे.