धाकाने गुण वाढतात का?

फेब्रुवारी लागला की जालना जिल्ह्यात दहावी-बारावीच्या घरांतले टीव्ही बंद होतात आणि पालकसभांत एक मत हमखास ऐकू येते : मुलाला धाक हवाच, भीती गेली की अभ्यास गेला. मंठा-घनसावंगीकडे कापूस-सोयाबीनवर घर चालवणारा बाप हे म्हणतो तेव्हा तो निष्ठुर नसतो. पावसाचा भरवसा नाही, म्हणून साऱ्या घराची भिस्त मुलाच्या गुणपत्रिकेवर. ही कळकळ खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

या मताला अनेकदा शास्त्राचाही आधार दिला जातो : थोडा ताण असला की कामगिरी सुधारते. त्याचे मूळ यर्क्स आणि डॉडसन यांच्या 1908 सालच्या प्रयोगात आहे. उंदरांनी उजळ आणि गडद खोक्यांतला फरक ओळखायचा. चुकले की विजेचा झटका. फरक ठळक होता तेव्हा झटका वाढवल्यावर उंदीर लवकर शिकले. फरक सूक्ष्म केला तेव्हा जोराच्या झटक्याने त्यांचे शिकणे लांबले. उंदरांवरून मुलांची पारख करू नये हे खरेच. पण हा आधार घ्यायचाच, तर पुरता घ्यावा : काम जितके अवघड, तितका कडक धाक मारक. आणि दहावीची भूमिती काही सोपे काम नव्हे.

1967 साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले : छातीची धडधड, हातांचा घाम हा एक, मनातली काळजी हा दुसरा. गुणांच्या घसरणीशी अधिक घट्ट नाते काळजीचे, हे पुढच्या अभ्यासांतही दिसले. कारण उघड आहे. गणित सोडवताना मधल्या पायऱ्या ध्यानात धराव्या लागतात; ‘कमी पडले तर घरी काय तोंड दाखवू’ हा विचार तेच ध्यान खातो. धाकाने मूल पुस्तकासमोर बसते, हे मान्य. पण बसणे म्हणजे शिकणे नव्हे, आणि पेपरात तोच धाक आड येतो.

मग ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटले की झाले का? तेही पुरेसे नाही, कारण मुलाच्या भीतीला ठोस कारणे असतात. एमएचटी-सीईटी संगणकावर होते. ज्या मुलीने कधी माऊस धरला नाही, तिला भौतिकशास्त्राच्या आधी पडद्याचीच धास्ती. तिला व्याख्यान नको. शाळेच्या संगणकावर सराव परीक्षा हवी. पुढचा प्रश्न कसा उघडायचा, उत्तर कसे बदलायचे, हे हाताला कळले पाहिजे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीला 1 जातो, म्हणून तिथे अंदाज जपून करावा. नियम माहीत असले की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

बोर्डाच्या पेपरांचेही तसेच. 2023 पासून शेवटी 10 मिनिटे जादा मिळतात. ती धरून घड्याळ लावून लिहिण्याचा सराव वर्गातच व्हावा, आणि त्यातले काही पेपर बिनगुणांचे असावेत. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने ते आठवड्यानंतरही जास्त टिकते, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली दाखवले. म्हणजे परीक्षा हे शिकण्याचेच साधन आहे. फक्त तिच्यावरची शिक्षा काढून घ्यावी लागते.

पुरवणी परीक्षा आणि दोन विषयांपर्यंतची एटीकेटी यांची माहिती निकालानंतर नव्हे, पेपरांआधीच द्यावी. त्याने मुले बेफिकीर होतील, अशी शंका काढली जाते. पण परतीची वाट ठाऊक असलेले मूल पेपरात गांगरत नाही, आणि घसरलेच तर जीवावर उदार होत नाही. बापाला हवे असलेले गुण आणि त्याला हवे असलेले मूल, दोन्ही याच वाटेने हाती लागतात.