आनंदाची बोट



काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीची बोलणी अडली असता मालकाने कामगारांना दोन बसगाड्या भरून कोकणच्या किनाऱ्यावर सहलीस नेले. जेवण उत्तम, रात्री गाण्याचा कार्यक्रम. परत आल्यावर आमच्या गेटसभेस निम्मी माणसेही आली नाहीत. आम्ही रागावलो, तेव्हा एक जुना मशीनवाला म्हणाला, "दादा, मालकानं समुद्र तरी दाखवला. तुम्ही सभेशिवाय काय दाखवलंत?" उत्तर सुचेना. पुढे पुस्तके चाळताना जर्मनीतल्या बोटी भेटल्या, त्यांचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

निव्वळ मौजेखातर बोटीने हिंडणे हा मूळचा धनिकांचा षोक. १८९१ च्या जानेवारीत हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' बोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राच्या फेरीवर धाडली. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळत नाहीत, तर बोट धक्क्याला कशाला सडवा, एवढाच हिशेब. कामगारांनी आपली मौज निराळी उभी केली. १८९५ साली व्हिएन्नात त्यांची 'निसर्गमित्र' संस्था निघाली. तिचे लोक रविवारी डोंगर चढत आणि स्वतःच्या श्रमाने तेथे विश्रामघरे बांधीत.

१९३३ च्या १ मे रोजी हिटलरच्या सरकारने कामगारदिनाची भरपगारी सुट्टी दिली, मिरवणुका काढल्या. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, युनियनच्या कचेऱ्यांवर धाडी पडल्या, पुढारी कैद झाले, निधी जप्त झाला. निसर्गमित्रांवरही जर्मनीत बंदी आली. संप गेला, वेतन ठरविण्यास सरकारी विश्वस्त बसले. सगळ्यांची मोट रॉबर्ट ले याच्या 'श्रम आघाडी'त बांधली गेली आणि त्याच नोव्हेंबरात तिची 'आनंदातून सामर्थ्य' ही शाखा निघाली. १९३४ पासून तिच्या बोटी नॉर्वेकडे, पुढे मादेरा बेटाकडे आणि इटलीकडे जाऊ लागल्या.

१९३८ साली निघालेली 'विल्हेल्म गुस्टलॉफ' तर याच कामासाठी बांधलेली. सुमारे दीड हजार उतारूंची सोय, आणि वर्ग एकच! खोल्या चिठ्ठ्या टाकून मिळत. निदान नियम तसा होता. संगीताचे दालन, नाच, पोहण्याचा हौद, जागोजाग ध्वनिक्षेपक. ज्याने गावाबाहेर पाऊल टाकले नव्हते, तो परमुलखातल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवी, आणि वाढपी त्याच्यापुढे अदबीने ताट ठेवी. हा आनंद खोटा होता असे म्हणणे आम्हांस सोयीचे. पण तो खोटा नव्हता. प्रागला आश्रय घेतलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या गुप्त अहवालांतही या सहली लोकांना आवडतात हे कबूल केलेले आहे. शत्रूविषयी असे प्रांजळ लिहावयास धैर्य लागते.

मात्र त्याच उतारूंत गुप्त पोलिसांची माणसे मिसळलेली असत. कोण काय बोलला, प्रचाराच्या कार्यक्रमात कोणाला रस नव्हता, याची नोंद होई. त्यांच्याच अहवालांवरून कळते की पक्षाचे अधिकारी चांगल्या खोल्या बळकावीत, पिऊन गोंधळ घालीत. ज्यांच्या खिशात पैसा ते खर्च करीत आणि कामगार बाजूला बसे. कामगार तरी किती? लांबच्या फेऱ्यांत भरणा पांढरपेशांचाच. नॉर्वेच्या फेरीत तर बहुधा किनाऱ्यावर उतरवीतच नसत. परकी चलन वाचे. डोंगर कठड्यावरून पाहावयाचे.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले आणि फेऱ्या थांबल्या. 'गुस्टलॉफ' इस्पितळ झाली, नंतर नौसैनिकांची बराक. ३० जानेवारी १९४५ रोजी ती निर्वासितांना घेऊन बाल्टिकमध्ये निघाली असता रशियन पाणबुडीचे तीन पाणतीर तिला लागले. मृतांचा अंदाज नऊ हजारांवर जातो. पोहण्याचा हौद रिकामा करून त्यात नौदलाच्या मदतनीस मुली उतरविल्या होत्या. एक पाणतीर तिथेच फुटला.

हे सारे आम्ही त्या मशीनवाल्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "खरं आहे दादा. पण आपली सहल कधी काढताय?"

त्या पावसाळ्यानंतर काढली. वर्गणीच्या पैशांतून, अलिबागला. भाजीत मीठ जास्त झाले होते. तो मशीनवाला संध्याकाळपर्यंत पाण्यातून बाहेर आला नाही.