क्वायचा पूल आणि न मोजलेली माणसं

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा सिनेमा बाबांच्या पिढीने शिट्टीसकट पाठ केलेला. पण त्यातला पूल थायलंडातला नव्हेच! १९५७ च्या त्या सिनेमाचं चित्रण झालं श्रीलंकेत, कितुलगलाला. आणि थायलंडातल्या खऱ्या पुलाखालची नदी क्वाय नव्हतीच, ती होती मेक्लोंग. कादंबरीकार पिएर बूलने नाव चुकवलं, सिनेमा गाजला, पर्यटक 'क्वाय' शोधत येऊ लागले, तेव्हा थाई सरकारने १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाचं नावच बदलून टाकलं. पाहुण्यांची चूक इतक्या प्रेमाने सांभाळून घेणारा देश विरळाच.

तर २००७ च्या डिसेंबरात मी त्या नदीकाठी कांचनाबुरी गावात होते. गेस्टहाउसवर जमलेले आम्ही पाच जण: मेलबर्नचं एक जोडपं, एक डच मुलगा, नुकतीच लष्करी नोकरी संपवून निघालेली एक इस्रायली मुलगी आणि मी. बेत असा की सकाळी रेल्वेने नाम तोकपर्यंत जायचं, तिथून हेलफायर पास चालून बघायचा आणि संध्याकाळी साय योक नोईच्या धबधब्यात डुंबायचं. गाडी म्हणजे लाकडी बाकांची, सताड उघड्या खिडक्यांची पॅसेंजर. थाम क्रासेला एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी आणि मध्ये लाकडी खांबांवर तोललेला रूळ. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, सगळे खिडकीतून बाहेर लोंबकळून फोटो काढतात. पिकनिकच म्हणा ना.

हा रूळ जपान्यांनी टाकला. ब्रह्मदेश जिंकला खरा, पण तिथल्या सैन्याला रसद समुद्रमार्गे न्यायची तर दोस्तांच्या पाणबुड्यांची भीती. म्हणून १९४२ साली थायलंड ते ब्रह्मदेश ४१५ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली आणि दोन्ही टोकं १७ ऑक्टोबर १९४३ ला जोडलीही गेली. दीड वर्षाच्या आत! जंगल, मलेरिया, पावसाळा, आणि यंत्रं जवळपास नाहीतच.

हेलफायर पासला गेलं की 'यंत्रं नाहीत' म्हणजे काय ते कळतं. नाम तोकहून पिकअपच्या मागच्या बाकांवर आदळत गेलो, संग्रहालय पाहिलं (ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये उभारलेलं) आणि बांबूच्या रानातून खाली उतरलो. समोर दगडात कापलेली अरुंद खिंड. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, भोक पुरेसं खोल झालं की सुरुंग, मग फुटलेला दगड हाताने आणि टोपल्यांनी उपसायचा. १९४३ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झालं आणि लवकरच दिवसरात्र चालू लागलं. रात्री मशाली आणि बांबूच्या शेकोट्यांच्या उजेडात हाडांचे सापळे घण मारताना दिसत, म्हणून हे नाव. तुटलेल्या पहारेचा एक तुकडा अजून भिंतीत अडकलेला आहे. तिथे उभं राहिल्यावर आमच्यातलं कोणी फारसं बोललं नाही.

मेलबर्नच्या मुलीच्या आजोबांचा भाऊ या रेल्वेवर गेला. सकाळी कांचनाबुरीच्या युद्ध स्मशानभूमीत तिने रांग मोजत त्याची कबर बरोबर शोधून काढली होती. तिथे जवळजवळ ७,००० कबरी आहेत, गवत गालिच्यासारखं कापलेलं. खिंडीत तिने मला सहज विचारलं, "तुमचेही लोक होते ना इथे?"

होते. युद्धकैदी होते साधारण ६० हजार, त्यातले १२ हजारांहून जास्त मेले. पण आशियाई मजूर पावणेदोन लाखांच्या वर होते, आणि त्यातले सुमारे ९० हजार मेले असा अंदाज आहे. अंदाजच, कारण नोंद कोण ठेवणार? त्यांत ब्रह्मी, जावानीज, मलाय होते, आणि मलायाच्या रबरमळ्यांतले हजारो तमिळ. आधी चांगल्या पगाराची, थोड्या महिन्यांच्या कामाची आमिषं, मग सरळ धरपकड. काहींबरोबर बायकापोरंही होती.

कैद्यांना निदान आपले अधिकारी होते, एडवर्ड डनलॉपसारखे शल्यविशारद होते, पाणी उकळूनच प्यायची सक्ती होती, जिवावर उदार होऊन लिहिलेल्या रोजनिशा होत्या. युद्ध संपल्यावर त्या नोंदींवरून जंगलातल्या कबरी शोधून काढता आल्या. १९४३ च्या पावसाळ्यात पटकी आली तेव्हा मजुरांच्या छावण्यांत यातलं काहीच नव्हतं. छावण्याच्या छावण्या ओस पडल्या.

रूळ जोडले गेले त्यानंतर बरोबर चार दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, सिंगापूरला नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. ही तारीख आपण शाळेत पाठ केलेली असते. आझाद हिंदचे सैनिकही पुढे याच रेल्वेने ब्रह्मदेशाकडे गेले. मला नेताजींबद्दल आदर आहे, पण या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर अस्वस्थ व्हायला होतं एवढं खरं.

आणि आपल्याला तरी हे नवीन कुठे आहे? बोरघाट १८५६ ते १८६३ मध्ये फोडला गेला. काम जोरात असताना चाळीस हजारांवर मजूर तिथे होते, आणि पटकीने व अपघातांनी हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्या वारला, काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुरं करवून घेतलं. ही दोन्ही नावं पुस्तकांत मिळतात. मजुरांचं एकही नाव मला सापडलं नाही, आणि कर्जतला वडापाव खाताना त्याची कधी आठवणही झाली नव्हती.

धबधबा झाला, डुंबणं झालं. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी एकटीच पुलाजवळच्या जपानी स्मारकापाशी गेले. ते १९४४ साली, युद्ध चालू असतानाच, रेल्वे बांधणाऱ्या जपानी सैन्यानेच मृतांसाठी उभारलं. त्यावर वेगवेगळ्या भाषांतले फलक आहेत, त्यांतला एक तमिळ. मला तमिळ वाचता येत नाही. पुलावर फोटो काढणाऱ्यांची रांग लागली होती, इकडे एक कुत्रं सावलीला झोपलं होतं.