एम्बी ते जेलीफिन : एका मुक्त शाखेचा इतिहास

संग्रहातील ध्वनिमुद्रणे व चित्रपट एका संगणकावर ठेवून इतर उपकरणांना पुरविणाऱ्या प्रणालीस मीडिया सर्व्हर म्हणतात. तिचा इतिहास हा केवळ तंत्राचा इतिहास नव्हे. संग्रह एकाचा आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती, या विसंगतीचाही तो इतिहास होय.

या परंपरेचे एक मूळ एक्सबॉक्स यंत्रासाठी स्वयंसेवकांनी रचलेल्या एक्सबीएमसी या मुक्त प्रणालीत आढळते. २०१४ साली तिला कोडी हे नाव मिळाले. २००८ मध्ये तिची मॅक संगणकासाठी निघालेली शाखा पुढे प्लेक्स म्हणून व्यापारी झाली व तिचा सर्व्हर बंदिस्त राहिला. २०२५ च्या एप्रिलअखेर प्लेक्सने आजीवन वर्गणी ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ डॉलरवर नेली आणि घराबाहेरून स्वतःचाच संग्रह पाहणेही सशुल्क केले.

एम्बीची कथा अधिक बोधप्रद आहे. तिची मूळ संहिता जीपीएल परवान्याखाली उपलब्ध असे. काही सोयींना मात्र शुल्क पडे. डिसेंबर २०१८ मध्ये चालकांनी पुढील संहिता बंद केली. परंतु पूर्वी प्रसिद्ध झालेल्या संहितेवरील परवाना त्यांना मागे घेता येत नव्हता. म्हणून ३.५.२ या आवृत्तीपासून स्वयंसेवकांनी जेलीफिन ही शाखा काढली व जानेवारी २०१९ मध्ये तिची १०.०.० ही पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. कोणा एकाची सदिच्छा नव्हे, तर परवान्यातील शब्द येथे निर्णायक ठरले, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

जेलीफिनला कंपनीच्या खात्याची गरज नाही. चित्रफितीचे रूपांतर यंत्रातील चित्रप्रक्रियकाकडून करून घेण्याची जी सोय एम्बी व प्लेक्स वर्गणीदारांस देतात, ती येथे विनामूल्य मिळते. तथापि हे स्वातंत्र्य निर्भार नाही. बाहेरून सुरक्षित प्रवेश, नव्या आवृत्त्या व संग्रहाच्या प्रती यांची जबाबदारी चालविणाऱ्यावरच पडते.

बोलींची ध्वनिमुद्रणे जतन करणाऱ्या आपल्यासारख्या विभागांना हा प्रश्न परका नाही. ध्वनिफीत कपाटात सुरक्षित असूनही ती ऐकण्याचा मार्ग दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर ते जतन अपुरेच म्हणावे लागेल. मुक्त प्रणाली तो मार्ग आपल्या हाती देते. तो राखण्यास लागणारे मनुष्यबळ व द्रव्य मात्र विभागानेच आधी योजिले पाहिजे.