ज्वारीसाठी काढलेला कालवा

नीरा डावा कालवा ज्वारी-बाजरीसाठी काढला होता, असे आज बारामतीकडे सांगितले तर ऐकणारा हसतो. कालव्याखाली नजर जाईल तिथवर ऊस. पण १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात हे काम निघाले ते दोन कारणांनी : उपाशी माणसांच्या हाताला मजुरी मिळावी आणि पुढचा दुष्काळ आला तर निदान भुसार पीक वाचावे. १८८५ मध्ये पाणी सुटले. वेळवंडीवर भाटघरचे धरणही उभे राहिले. भोरच्या डोंगरात पडणारा धो धो पाऊस अडवायचा आणि पूर्वेला, जिथे वर्षाला जेमतेम वीस इंच पडतो, तिथे न्यायचा, असा साधा बेत होता.

बेत बिघडला तो कुठे, हे शोधण्यात माझी काही वर्षे गेली. जुनी गॅझेटिअरे आणि सिंचनावरचे जुने अहवाल चाळताना एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते : पाऊस बरा झाला की शेतकरी पाणीच घेत नाही. साहेब लोकांना हा आळस वाटे, अडाणीपणा वाटे. मला तो चोख हिशेब वाटतो. काळ्या रानात परतीचा पाऊस मुरला की रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. मग पाणीपट्टी कशाला भरायची? आणि पाऊस दडी मारी त्या वर्षी सगळे एकदम अर्ज घेऊन येत. तेवढे पाणी तेव्हा कालव्यात नसे.

सरकारचाही हिशेब होताच. कालव्याला लागलेल्या भांडवलावर व्याज सुटले पाहिजे, हा खात्याचा आग्रह. पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकावर ते कसे सुटणार? बारा महिने पाणी पिणारे आणि जड पट्टी सोसणारे पीक एकच होते. सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्याखाली उतरले, जमिनी खंडाने घेतल्या, उसाचे फड आणि गुऱ्हाळे उभी केली. ऊस हा शेतकऱ्याच्या हावेतून आला असे बोलण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. नीरेवर तरी त्याला पहिले आवतण खात्याच्या जमाखर्चाने दिले.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने प्रश्न पुन्हा उघडा पाडला. त्या काळात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याला पाटबंधाऱ्यांचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते. थोड्या गावांत पाणी मुरण्यापेक्षा ते पुष्कळ गावांत पोचावे, म्हणून त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. गावातल्या चांगल्या जमिनीचे ठरावीक गट पाडायचे, त्यांना अनेक वर्षांच्या कराराने पाण्याची हमी द्यायची आणि गटाच्या सुमारे एक तृतीयांशातच ऊस, बाकीत धान्य व हंगामी पिके, फेरपालट करून घ्यायची. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालचा सिंचन आयोग (१९०१-०३) याच सुमाराला देशभर फिरत होता. नीरेवर १९०३ च्या सुमारास ही पद्धत लागू होऊ लागली.

खोऱ्यातल्या पाण्याचा आणि धान्याचा मेळ घालण्याचा आपल्याकडचा हा फार विचारपूर्वक प्रयत्न, असे माझे मत आहे. पण त्यात एक फट होती. वाटणी जमिनीची केली होती. जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यातला ऊस पाण्याचा तिसरा हिस्सा घेऊन थांबत नाही. उन्हाळ्यात ज्वारीचे रान मोकळे असते तेव्हाही त्याला पाळी द्यावी लागते. शिवाय एका रानात मुरलेले पाणी खालच्या रानात उपळते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्ये पुस्तिका काढली. म्हणजे पाणी सुटून पंचवीस वर्षे झाली नाहीत तोच पांढरे फुटलेले वावर हा अभ्यासाचा विषय झाला होता! पुढे क्लॉड इंग्लिस यांनी चर खणून पाण्याचा निचरा कसा करावा याचे प्रयोग केले.

पाणी कमी पडते यावर मात्र एकच उपाय सुचला, आणखी पाणी. १९२८ मध्ये भाटघरला जुन्याच्या जागी मोठे लॉइड धरण पुरे झाले. उजवा कालवा निघाला. १९३२ मध्ये देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि गुऱ्हाळांच्या जोडीला साखर कारखाने आले. ब्लॉकचे करार चालू राहिले. कालव्याच्या टेलला, इंदापूरकडे, ज्वारीवाला मात्र आपल्या पाळीची वाट पाहत बांधावर बसून असे.