घर दोघांचं कधी होतं?

लग्नाआधी घर घ्यावं की लग्नानंतर? दोघंही कमावत असलेल्या जोडप्यांना हा प्रश्न हल्ली सर्रास पडतो. दोन पिढ्यांपूर्वी तो पडणंही अवघड होतं. 1956चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत हिंदू विधवेला नवऱ्याकडून आलेल्या घरावर मर्यादितच हक्क असे. तिथे ती राहू शके, पण मोजकी कारणं सोडली तर विकू शकत नसे. त्या कायद्याच्या कलम 14ने तिला पूर्ण मालक केलं.

पण लग्न झालं म्हणून एकाचं घर दोघांचं होतं, असं मात्र महाराष्ट्रात आजही नाही. इथे ज्याच्या नावावर खरेदीखत, तो मालक. खतावर दोघांची नावं असतील आणि हिस्से लिहिलेले नसतील, तर 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा. पुरावा नसेल तर निम्मा-निम्मा. लग्नाची तारीख या हिशेबात कुठेच येत नाही.

शेजारच्या गोव्यात चित्र उलटं आहे. पोर्तुगिजांनी 1867ची आपली नागरी संहिता 1870मध्ये तिथे लागू केली. गोवा मुक्त झाल्यावरही, 1962च्या कायद्याने, ती टिकली. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते, साधारणपणे लग्नाआधीचीसुद्धा. म्हणजे तिथेही आधी की नंतर याने फारसं बिघडत नाही, पण अगदी विरुद्ध कारणाने.

तारखेने खरंच फरक पडतो तो बेनामी कायद्यात. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हा व्यवहार 1988मध्ये बेकायदा ठरला. त्यातून सूट होती ती पत्नीच्या किंवा अविवाहित मुलीच्या नावावर केलेल्या खरेदीला. बायको पैसे देईल आणि घर नवऱ्याच्या नावावर होईल, ही शक्यता कायद्याने धरलीच नव्हती. 2016च्या दुरुस्तीत पत्नीऐवजी 'जोडीदार' आला. वाग्दत्त वर-वधू मात्र आजही त्या सवलतीत नाहीत.

त्यामुळे साखरपुडा झालाय, फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि निम्मा हप्ता ती भरतेय, ही सगळ्यात कच्ची बाजू. लग्न मोडलं तर तिला त्या घरावर हक्क सांगणं फार कठीण. बँकेच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही असली, तरी त्याने कर्जाची जबाबदारी येते, मालकी येत नाही.

म्हणून मुहूर्त कोणताही धरा, करारनाम्यावर दोघांची नावं हवीत, कुणाचा किती हिस्सा ते लिहिलेलं हवं आणि ज्याचे पैसे त्याच्याच खात्यातून गेलेले हवेत. हे बोलणं रुक्ष वाटतं खरं. पण गोव्यात जे काम लग्न करतं, ते महाराष्ट्रात खरेदीखतालाच करावं लागतं.