‘फिरंगी’ शब्दाचें मूळ व अर्थांतर

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर भाईंदर व त्याच्या पश्चिमेस डोंगरी, उत्तन हीं गांवें आहेत. इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादुरशहानें वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. तेव्हांपासून सुमारें दोन शतकें त्यांचा येथें अंमल होता. मराठी कागदपत्रांत या लोकांस ‘फिरंगी’ व त्यांच्या मुलखास ‘फिरंगाण’ म्हटलें आहे. पुढें ‘फिरंगी’ म्हणजे कोणीहि गोरा परदेशी, असा सरसकट अर्थ करण्याची चाल पडली. जुने कागद वाचणारास ही चाल घातक होते. सबब या शब्दाचा मागोवा घेणें अवश्य आहे.

मूळ नांव ऱ्हाइन नदीकांठच्या फ्रांक नामक जर्मनवंशीय टोळ्यांचें. त्याचा संबंध भाल्याच्या एका जुन्या नांवाशीं जोडतात. प्राचीन इंग्रजींत भाल्यास ‘फ्रांका’ असा शब्द आहे. पांचव्या शतकाच्या अखेरीस क्लोव्हिस राजानें गॉल देशाचा मोठा भाग जिंकला. तेथें स्वातंत्र्याचे पूर्ण हक्क जेत्या फ्रांकांसच असल्यामुळें जातिवाचक नाम ‘स्वतंत्र’ या अर्थाचें विशेषण बनलें. लॅटिन ‘फ्रांकुस’, इटालियन व पोर्तुगीज ‘फ्रांको’, फ्रेंच ‘फ्रां’ आणि जर्मन ‘फ्रांक’ यांत तोच मोकळेपणाचा अर्थ आहे. इंग्रजींत त्यापासून ‘स्पष्टवक्ता’ हा अर्थ निघाला. फ्रान्स देशाचें नांव व १३६० सालीं प्रथम पाडलेलें फ्रांक नाणें हींहि याच कुळांतलीं.

पूर्वेकडे या शब्दानें निराळी वाट धरली. अरब ग्रंथकार फ्रांकांच्या देशास ‘इफ्रंजा’ म्हणत असत. पुढें पहिल्या धर्मयुद्धांत (१०९६–१०९९) पश्चिम युरोपांतील नाना जातींचे लोक एकदम पूर्वेस उतरले, तेव्हां त्या सर्वांसच हें नांव पडलें. ग्रीकांनींहि त्यांस ‘फ्रांगी’ म्हटलें. फारसींत ‘फरंगी’ रूप झालें, आणि हिंदी महासागराच्या कांठीं तामिळ व मल्याळींत ‘परंगी’, सयामींत ‘फरंग’ हीं रूपें रूढ झालीं.

आतां मराठीकडे वळूं. ‘इंग्रज’ व ‘वलंदेज’ हीं नांवें पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलीं. पण खुद्द पोर्तुगीजांचें जुनें नांव मात्र त्यांचें स्वतःचें नव्हे. तें अरबी-फारसी वळणाचें. शिवाय पोर्तुगाल फ्रांकांच्या राज्यांत कधींच नव्हता. उलट ज्यांच्या देशास फ्रांकांचें नांव मिळालें, त्या फ्रेंचांस मराठींत ‘फरासीस’ म्हणत. म्हणजे नांवाचा वारस कोण, हें मुळावरून ठरलें नाहीं. या किनाऱ्यावर प्रथम सत्ता कोणी बसविली, यावरून ठरलें. त्यांच्या संबंधानें वस्तूंसहि हें नांव लागलें. विलायती पात्याची सरळ तरवार ती ‘फिरंग’, आणि सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथांत नव्यानें आलेल्या उपदंशास ‘फिरंगरोग’ म्हटलें आहे.

हा विवेक न केल्यास इतिहास बिघडतो. १७३७ ते १७३९ या काळांत चिमाजी आप्पांनीं वसईची मोहीम चालविली. भाईंदरच्या पश्चिमेकडील धारावीचें ठाणें त्याच मोहिमेंतलें, व मे १७३९ मध्यें वसई हस्तगत झाली. या वेळीं मुंबई बेट १६६५ पासून इंग्रजांच्या हातीं होतें. इंग्रजहि गोरे, ख्रिस्ती व परदेशीच. परंतु या मोहिमेच्या कागदांतील ‘फिरंगी’ ते नव्हेत. दोघांस एक मानल्यास त्या काळचें राजकारणच उमगणार नाहीं.

दुसरी चूक याहून जिव्हाळ्याची आहे. उत्तन-डोंगरीकडील कोळी व शेतकरी ख्रिस्ती हे याच भूमीचे व मराठी बोलणारे लोक होत. १८८७ सालीं मुंबईच्या आसपासच्या अशा समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. केवळ उपासनेवरून त्यांस फिरंगी समजणें म्हणजे राज्यकर्त्याचें नांव प्रजेच्या माथीं मारणें होय.

सारांश, एका जातीचें नांव पश्चिमेस स्वातंत्र्याचें विशेषण झालें, पूर्वेस परक्यांचें सामान्यनाम झालें, आणि जुन्या मराठींत एका विशिष्ट सत्तेचें विशेषनाम झालें. तेव्हां कागदांत ‘फिरंगी’ दिसतांच आधीं त्याची मिति व स्थळ पाहावें, आणि मग अर्थ लावावा.